माझं पोट आणि पाटलांची भिंत

गावातल्या बायांनी माझ्या पोटाकडे पाहायला सुरुवात केली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं. पहिली नोकरी, आणि त्या नोकरीतला पहिलाच पावसाळा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अड्याळकडून पवनीला जाताना एक कच्चा रस्ता तलावाकडे वळायचा, त्या तलावाखालचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी माझं आजही बरं आहे. शाळा चौथीपर्यंत. शिकवायला एक हेडमास्तर आणि दुसरी मी.

माझ्यासोबत आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण, साठीच्या आसपासची, तरुणपणीच नवरा गेलेली. एकट्या पोरीला परगावी कसं ठेवायचं म्हणून घरच्यांनी तिला माझ्याबरोबर धाडलं होतं. त्यांच्या मते ती माझी राखण करणार होती. खरं तर आम्हा दोघींनाही पहिल्यांदाच आपलं म्हणावं असं घर मिळालं होतं, आणि आत्याचा आनंद माझ्याहून जास्त होता. जन्मभर भावांच्या घरी उरलासुरला चहा प्यायलेली बाई. इथं ती सकाळी उठून आपल्याला हवी तेवढी साखर घालून चहा करायची आणि दारात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा प्यायची.

आमची खोली पाटलांच्या घराच्या मागच्या अंगाला होती. पाटील गावचे सरपंच, तलावाखालच्या चांगल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांच्याच. खोलीची मागची भिंत मातीची, जाडजूड. तिच्यापलीकडे लगेच तलावाची पाळ, पाणी अडवणारा मातीचा बांध. खिडकी नव्हती. आम्ही उन्हाळ्यात राहायला आलो तेव्हा ताजा चुना मारलेला होता आणि खोली अशी गार की पाटलीणबाई म्हणाल्या होत्या, "बाई, तुमाले पंख्याची गरजच नाही पडनार." आम्हालाही ते पटलं होतं.

आषाढात तलाव भरला आणि भिंत ओली होऊ लागली. आधी जमिनीलगत एक काळपट पट्टा दिसला. मग तो कमरेपर्यंत चढला. श्रावणात चुन्याचे पापुद्रे सुटले आणि खालून हिरवट-काळी बुरशी बाहेर आली. हात लावला की बोटाला मखमल लागल्यासारखी. चार दिवस न घातलेल्या चपलांच्या आत पांढरी लव उगवली. ट्रंकेतल्या पातळांवर काळे ठिपके पडले. मी केस धुऊन शाळेत जायची तरी वेणीला कुबट वास यायचा. समोरच्या बाजूला छपराचे कवेलू गळायचे, म्हणून आम्ही गाद्या मागच्या भिंतीशी ओढल्या होत्या. म्हणजे रात्रभर नाक त्या भिंतीशी.

पाटलांना सांगितलं. ते म्हणाले, "पावसाळ्यात ओल येतेच, बाई. दिवाळीले सुकते."

माझं पोट बिघडलं ते पोळ्याच्या सुमारास. सकाळी उठलं की मळमळ. उजव्या बाजूला, बरगडीखाली, कुणी मूठ रोवून बसल्यासारखं जड वाटायचं. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, पातळाची गाठ सैल करावी लागायची. फोडणीच्या वासानं उमळून यायचं. आत्यानं ओवा दिला, हिंग दिला, पोटाला एरंडेल चोळलं. काहीच उपयोग झाला नाही. एके दिवशी दुसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावून मी शाळेमागच्या कडुनिंबाखाली ओकले. मागं वळून पाहते तर तिसरीतल्या दोन मुली उभ्या.

त्या मुलींनी घरी सांगितलं असणार, त्यांचा काय दोष. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी गेले तशा बाया गप्प झाल्या. एकीनं दोर सोडता सोडता विचारलं, "बाई, आंबट खावंसं वाटते का?" बाकीच्या पदराआड हसल्या. मला कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा कान गरम झाले. मी म्हटलं, "नाही. उलट अंगावर येते." त्यावर त्या आणखीच हसल्या.

मग रोजचंच झालं. शाळेत जाताना नजरा आधी माझ्या कमरेवर जायच्या, मग तोंडावर. फुगलेलं पोट लपवायला मी पदर पुढं ओढून घ्यायला लागले होते. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी पदर परत खांद्यावर टाकला आणि तशीच चालत गेले. बघा म्हटलं.

एका दुपारी पाटलीणबाई गावच्या सुईणीला घेऊन दारात आल्या. आवाज अगदी मऊ. "बाई, लोकं काहीबाही बोलून राहिले. आमाले तसं काही वाटत नाही. पन हिनं एकदा तुमच्या पोटावरून हात फिरवला, तं लोकाइचे तोंडं बंद होतीन."

"पाटलीणबाई," मी म्हटलं, "पोट दुखते माझं. लोकांचं नाही."

"म्हूनच तं पाहू दे म्हनते."

"डॉक्टरला दाखवीन. गावाला नाही दाखवणार." आणि मी दार लावलं. त्यांच्याच घराचं दार त्यांच्याच तोंडावर लावणं हे त्या गावात लहान काम नव्हतं.

आतून आत्या बघत होती. मला वाटलं होतं ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "काहून नाही दाखवलं? दाखवून मोकळी झाली असती."

"आज सुईण आली. उद्या हेडमास्तर म्हणतील मलेही दाखवा. मंग पाटील. कोठंवर दाखवू?"

ती काही वेळ चुलीतली राख उकरत बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोरी, मले खरं सांग. तसं काही हाय का?"

गावातल्या सगळ्या बायांनी मिळून मला जेवढं दुखवलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्यानं दुखवलं. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सांगितलं की पवनीला दवाखान्यात जायचं आहे. ते सज्जन गृहस्थ होते, पण भित्रे. म्हणाले, "बाई, मी तर म्हणतो लांबची रजाच टाका. गावी जा. दोन-चार महिन्यांनी सगळं निवळेल." दोन-चार महिन्यांनी काय निवळेल असं त्यांना वाटत होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"मला आजच्या एका दिवसाची रजा पाहिजे, सर," मी म्हटलं. "उद्या हजर आहे."

पवनीचे डॉक्टर म्हातारे होते, बोलणं तुटक. त्यांनी माझे डोळे पाहिले, जीभ पाहिली, झोपवून उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. मी कळवळले. लग्न झालं आहे का, पाळी येते का, असं त्यांनी विचारलं, मी सरळ सांगितलं, आणि त्यांनी ते उत्तर तसंच्या तसं घेतलं. किती तरी दिवसांत माझं बोलणं असं कुणी घेतलं नव्हतं.

"यकृताला थोडी सूज वाटते," ते म्हणाले. "कावीळ झाली होती?"

"नाही."

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. तेच सगळं गाव पिते."

"खाता काय? झोपता कुठं?"

झोपता कुठं हे ऐकून मी भिंतीचं सांगितलं. चपलांचं, पातळांचं सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "धान्य कुठं ठेवता?" तांदळाचं पोतं त्याच भिंतीशी होतं. पाटलांनी कौतुकानं दिलेला जुना तांदूळ. आत्या शिजवताना कधीमधी म्हणायची की तांदळात गाठी झाल्या आहेत, पण धुतलं की जाते. मला तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी मान हलवली. "हे बघा, बुरशीचं धान्य यकृताला वाईट, एवढं मला माहीत आहे. भिंतीवरची बुरशी छातीला त्रास देते, तेही पाहिलं आहे. ती नुसती श्वासातून जाऊन पोटाचं किती बिघडवते, ते मी छातीठोक सांगणार नाही. पाण्याचंही असू शकेल. तुम्ही तांदूळ फेकून द्या, पाणी उकळून प्या आणि ती खोली सोडा. मग पाहू. घरी आणखी कुणाला त्रास आहे?"

"नाही," मी म्हटलं. "आत्या आहे, तिला काही नाही."

निघताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. बाहेरगावच्या मास्तरणीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती की माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं, कोण जाणे. म्हणाले, "दिवस नाहीत असा दाखला देतो. गावात दाखवायला उपयोगी पडेल."

"दाखला नको मला," मी म्हटलं. "आज तो दाखवला तर पुढच्या वेळी परत मागतील."

ते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तर खोलीत आत्या नव्हती. मागच्या बाजूनं आवाज आला. पाळीच्या कडेला, एरंडाच्या झुडपांआड, आत्या भिंतीला एक हात टेकून ओकत होती. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काही नाही. ऊन लागलं असन." भादव्यातली संध्याकाळ होती. आभाळ भरून आलेलं.

"केव्हापासून?"

तिनं पायानं माती लोटून ओकारी झाकली. मी परत विचारलं. मग म्हणाली, "तुले जवा झालं तवापासून. पोट फुगते, जेवन जात नाही. इकडं दुखते." आणि तिनं हात ठेवला तो नेमका उजव्या बरगडीखाली.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"मी बिमार पडली म्हटलं असतं तं तुह्या बापानं मले परत बलावलं असतं. अन मी गेली तं तुले एकटीले कोन राहू देते? नोकरी सुटली असती तुही." मग जरा थांबून म्हणाली, "अन मले परत नाही जायचं त्या घरी."

मी तिच्याशेजारी त्या ओल्या पाळीवर बसले. तिनं मला तो प्रश्न का विचारला होता हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. "मले वाटलं, माहं तं वयाचं हाय. तुहं कशाचं असन, म्हून भेव वाटलं."

आम्ही पोतं बाहेर ओढलं. तळाशी, भिंतीकडच्या अंगाला तांदळाच्या हिरव्या-पिवळ्या गाठी होत्या, मुठीएवढ्या. गादी उलटी केली. तिची खालची बाजू काळी पडलेली, मधे मधे पांढरी. इतके महिने आम्ही त्यावर चादर घालून झोपलो होतो.

रविवारी पाटलांनी बोलावणं धाडलं. शाळेच्या ओसरीवर चार माणसं जमणार होती, बाईंनी यावं. मी आत्याला म्हटलं, "गादीची एक बाजू धर." तिनं विचारलं नाही कशाला. गादी आम्ही दोघींनी डोक्यावर घेतली, आत्यानं दुसऱ्या हातात तांदळाच्या गाठी घातलेलं सूप धरलं, आणि भर दिवसा गावातून, मोठ्या रस्त्यानं निघालो. लोक दारात आले. विहिरीवरच्या बाया घागरी तिथंच ठेवून मागं आल्या. ओसरीशी पोचेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं.

पाटील खुर्चीवर, हेडमास्तर बाजूला मान घालून. पाटील म्हणाले, "बाई, आमी तुमाले काही म्हनून नाही राहिलो. पन गावातले लेकरं तुमच्या हाताखाली शिकते. लोकं बोलते. तुमी आपल्या गावाले काही दिवस—"

मी गादी उलटी करून त्यांच्या पायाशी पसरली. तो वास उठला तसे पुढं बसलेले दोघं मागं सरकले.

"ही तुमच्या खोलीतली गादी," मी म्हटलं. "आम्ही आलो तेव्हा नवी होती. ह्या तुमच्या तांदळातल्या गाठी. ह्यावर झोपून अन हे खाऊन माझं पोट बिघडलं असावं, असं पवनीचे डॉक्टर म्हणतात. खात्रीनं ते म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण पाटील, तुम्हाला भरवसा वाटत असेल तर आजची रात्र तुम्ही ह्यावर झोपा."

"बाई, कोनाशी बोलून राहिल्या तुमी!" पाटील उठले. "माह्या घराले बदनाम करून राहिल्या! घर माहं जुनं हाय, आमी जल्मलो त्या घरात. आमाले काही नाही झालं. तुमालेच कसं होते मंग? अन डॉक्टर म्हनते तं त्याचा कागद कोठी हाय?"

"कागद मी घेतला नाही. घेणारही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे माझ्या पोटात काय आहे ते सांगायला मी गावाला बांधील नाही. शाळेत मी शिकवते की नाही ते विचारा. पोरांना पाढे येतात का ते विचारा."

कुणीतरी मागून काही बोललं. मला ऐकू आलं नाही, पण हसणं ऐकू आलं. तेव्हा आत्या पुढं झाली. गावात आल्यापासून ती चार माणसांत कधी बोलली नव्हती. सूप तिनं ओसरीवर ठेवलं, पदर खोचला आणि पाटलांना म्हणाली, "मी साठीची बाई हाय. विधवा होऊन माही जिंदगी गेली. हिले जे होऊन राहिलं ते मले बी होऊन राहिलं. तशीच मळमळ, तशीच उलटी, तसंच पोट फुगते. पाहा." आणि तिनं खरंच आपल्या पोटावर हात ठेवला. "मंग म्हना ना, मले बी दिवस गेले! बलावा सुईनीले!"

मग बायांमधून हसू फुटलं, आणि या वेळी ते आमच्यावर नव्हतं. विहिरीवर मला आंबटाचं विचारणारी बाई तोंडात पदर कोंबून वाकली होती. पाटलांचा चेहरा लाल झाला. "खोली खाली करा," एवढंच ते म्हणाले आणि निघून गेले.

"खोली सोडते," मी मागून म्हटलं. "गाव नाही सोडत."

म्हणायला सोपं होतं. पाटलांच्या विरोधात जाऊन आम्हाला जागा कोण देणार? दोन घरी विचारलं, दोन्हीकडून सांगितलं की सणापर्यंत जागा नाही. शेवटी जागा दिली ती पाळीच्या उंच टोकाला राहणाऱ्या एका ढिवर बाईनं. तिचा नवरा तलावात मासे धरायचा. घराला लागून कुडाची पडवी होती, बांबूच्या तट्ट्यांची, मातीनं अर्धवट लिंपलेली. वारा एकीकडून शिरायचा आणि दुसरीकडून निघायचा. "पानी आलं तं तुमी भिजान, बाई," ती म्हणाली, "पन लवकर सुकान बी."

आत्या माळकरी होती. अंगणात जाळी वाळत घातलेली, मासळीचा वास. कुणब्याच्या बाईनं ढिवराच्या घरी राहायचं, हेही गावाला बोलायला पुरेसं होतं. पहिले काही दिवस ती नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची. मी विचारलं, "जमते का?" ती म्हणाली, "त्या भिंतीच्या वासापरीस हा बरा. याचं कारन तरी मालूम हाय."

पाणी उकळायला लागलो, तांदूळ नवा आणला, गाद्या उन्हात घातल्या. दिवाळीपर्यंत आत्याचं पोट ठीक झालं. माझं त्याहून पुष्कळ लांबलं. भंडाऱ्याला दोनदा तपासण्या केल्या, औषधं घेतली, उन्हाळ्यात कुठं भाताची चव परत आली. तेलकट खाल्लं की आजही उजवीकडे जड होतं. बुरशीनं झालं, तांदळानं झालं, की विहिरीच्या पाण्यानं, हे मला कुणी ठामपणे सांगितलं नाही. एकाच वेळी तिन्ही गोष्टी बदलल्या, त्यामुळे आता ते कळण्याची सोयही नाही.

पुढच्या वर्षी पाटलांनी तीच खोली चुना मारून नव्या ग्रामसेवकाला द्यायचं ठरवलं. मला कळलं तेव्हा मी तिथं गेले आणि पाटलांसमोरच त्या ग्रामसेवकाला म्हटलं, "इथं मागच्या भिंतीशी झोपू नका. धान्य ठेवू नका. पावसाळ्यात काय होते ते गावात कुणालाही विचारा." पाटील तसेच घरात गेले. पण पावसाच्या आधी गवंडी आला आणि त्या खोलीच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी पाडली गेली.

त्याच सुमारास लाखनीकडचं एक स्थळ मला पाहायला येऊन गेलं. माणसं बरी वाटली, मुलगा नोकरीवाला. घरचे खूश, आत्या तर फारच. नंतर कळलं की मुलाची आई परत जाताना पाटलांच्या घरी थांबली होती आणि पाटलीणबाईंना बाजूला घेऊन तिनं विचारलं होतं, पोरीचं मागं काही ऐकलं होतं, ते काय? पाटलीणबाईंनी तिला सांगितलं, "बाईच्या पोटाले ओल लागली होती. आमच्याच घराची." हे मला स्वतः पाटलीणबाईंनीच येऊन सांगितलं, पडवीच्या दारात उभ्या राहून. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

तिकडून होकार आला. मी नकार कळवला.

आत्या इतकी चिडली की तिनं हातातला पोळपाट आपटला. "आता काहून? त्या बाईनं तुही बाजू घेतली, त्याइनं हो म्हटलं, आता काय पायजे तुले?"

"त्यांनी विचारलं कायले, आत्या?"

"लगन करताना इचारतेच मानूस!"

"मंग मले विचारायचं होतं. मी त्यांच्यासमोर बसली होती, चहा देऊन राहिली होती."

आत्या बराच वेळ पोळ्या लाटत राहिली, जरा जोरातच. तव्यावरची पोळी जळायला लागली तेव्हा मी ती उलटली. ती म्हणाली, "आता दोघीच राहू आपन इथं, म्हाताऱ्या होईपर्यंत."

"तू तं झाली आधीच," मी म्हटलं.

तिनं लाटणं उगारलं, पण मारलं नाही, आणि पुढची पोळी माझ्या ताटात टाकली.